चाफ्याच्या फांदीचे झाड होईपर्यंत: सव्वातीन वर्षांची नोंद

आमच्या देवचाफ्याला २४ एप्रिल २०२४ रोजी पहिले फूल आले. त्या झाडासाठीचा पहिला अर्ज मी १८ जानेवारी २०२१ रोजी दिला होता. मधल्या सव्वातीन वर्षांत एक फांदी कुजली, एक भरभरून फुलून मेली, आणि जिच्याकडून मला सर्वांत कमी आशा होती ती तिसरी आज माझ्या खांद्याच्या वर गेली आहे. लहान शोभेचे झाड लावण्यात वाट पाहण्याचा भाग किती मोठा असतो, आणि नेमक्या त्या वाट पाहण्याच्या काळात माणूस किती उचापती करतो, हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. म्हणून माझ्या नोंदवहीतल्या तारखांच्या आधारे हे सविस्तर लिहीत आहे.

आधी नावाचा घोळ निस्तरतो का पाहू. चाफा या एका शब्दाखाली आपण कितीतरी झाडे घातली आहेत आणि त्यांतली बरीचशी एकमेकांची नातेवाईकही नाहीत. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला, हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, तर भुईचाफा चक्क हळदीच्या कुळातला. मी लावला तो देवचाफा, ज्याला काही जण खुरचाफा म्हणतात: जाड, राखाडी, बोटांसारख्या फांद्यांचा, तोडल्याबरोबर पांढरा चीक गाळणारा, कण्हेर आणि सदाफुलीच्या कुळातला. शार्ल प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून त्याच्या प्रजातीला प्लुमेरिया हे नाव मिळाले, आणि त्याचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. हे सांगण्याचे कारण असे की पहिले काही आठवडे मी सोनचाफ्याची माहिती वाचून देवचाफ्याची तयारी करत होते. सोनचाफ्याला माती ओलसर लागते. देवचाफ्याला तसे केले तर काय होते ते पुढे येईलच.

झाडासाठी जागा होती ती घरामागच्या कोपऱ्यातली, तीन मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद. एका बाजूला कुंपणाची भिंत, आणि जमिनीखालून जाणारी सांडपाण्याची नळी. बहावा मला फार आवडतो, परंतु त्याची उंची आणि पसारा या कोपऱ्यात मावणारा नव्हता, आणि गुलमोहराचा तर विचारही करण्यात अर्थ नव्हता. देवचाफा जमिनीत लावला तर साधारण पाच-सहा मीटर उंच होतो, छाटून त्याहून बराच लहान ठेवता येतो, आणि त्याची मुळे भिंती-नळ्या फोडत सुटणाऱ्यांतली नाहीत. निर्णय तिथेच झाला.

आमच्या वसाहतीत तळमजल्याच्या बागेत कुंडीबाहेर काही लावायचे असेल तर व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी लागते. १८ जानेवारीला मी साध्या कागदावर चार ओळींचा अर्ज दिला आणि तो आठवड्याभरात परत आला, कारण त्यासाठी छापील नमुना होता. तो भरून दिला तर १ फेब्रुवारीला तोही परत आला, कारण ‘पूर्ण वाढ झाल्यावरची अपेक्षित उंची’ हा रकाना मी रिकामा सोडला होता. तिसऱ्या वेळी, ९ फेब्रुवारीला, मी जागेचा हातानेच काढलेला नकाशा, झाड आणि भिंत यांच्यातले अंतर, नळीपासूनचे अंतर, आणि फांद्या कुंपणाबाहेर गेल्यास स्वखर्चाने छाटण्याची हमी अशी चार कागदांची चळत जोडली. सोबत अनामत रक्कम भरली, जी झाड लावून एक वर्ष झाल्यावर पाहणी करून परत मिळणार होती. परवानगीचे पत्र २६ मार्चला हातात आले. ज्यांना असाच अर्ज करायचा आहे त्यांना एवढेच सांगते की उंचीच्या रकान्यात आकडा लिहाच, आणि अनामतीची मूळ पावती कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. मी ती खताच्या बिलांबरोबर एका डब्यात ठेवली आणि नंतर अर्धा दिवस शोधली.

या वाट पाहण्याच्या काळात एक काम मात्र फार उपयोगाचे झाले. कोपऱ्यात तीस सेंटिमीटर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा खणून तो पाण्याने भरला, पाणी जिरू दिले, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरला आणि पट्टी उभी करून दर तासाला पातळी पाहिली. तासाला निदान अडीच सेंटिमीटर पाणी उतरले तर निचरा बरा समजतात. माझ्याकडे ते जेमतेम एक सेंटिमीटर उतरत होते. खालची माती चिकण होती आणि वर बांधकामाचा राडारोडा दाबून बसला होता. अशा जमिनीत देवचाफा सपाटीवर लावणे म्हणजे पहिल्याच पावसाळ्यात त्याची मुळे पाण्यात बुडवणे होते, म्हणून चाळीस सेंटिमीटर उंचीचा विटांचा वाफा करायचे ठरवले. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा खर्च तोच ठरला. फांदी फुकट मिळाली, परवानगीला शुल्क नव्हते. पैसे गेले ते विटा, जाड वाळू आणि चांगली माती यांवर.

फांदी दिली ती शेजारच्या काकूंनी. त्यांच्या दारातल्या जुन्या झाडाची पिवळ्या गळ्याची पांढरी फुले मी वर्षानुवर्षे पाहत आले होते. बी का लावत नाही, असे काहींनी विचारले. देवचाफ्याला क्वचितच शेंगा धरतात, धरल्या तरी पिकायला कित्येक महिने लागतात, आणि बीपासून आलेले झाड आईसारखे फूल देईलच असे नाही. फांदीचे तसे नसते. काकूंच्या झाडाचे जे फूल, तेच माझ्या झाडाला येणार.

२८ मार्च २०२१ च्या सकाळी काकूंनी हातभर फांदी कापून दिली. कापाच्या जागेवरून चीक असा धावला की माझ्या ओढणीवर तीन थेंब पडले आणि ते डाग आजतागायत निघालेले नाहीत. हा चीक त्वचेला झोंबतो, डोळ्यांना तर फारच, त्यामुळे हातमोजे घालावेत, लहान मुलांना आणि पाळीव प्राण्यांना दूर ठेवावे आणि नंतर हात साबणाने नीट धुवावेत. माझा उत्साह इतका होता की त्याच संध्याकाळी मी ती फांदी शेणखत आणि कंपोस्ट घातलेल्या काळ्याभोर मातीत लावली, आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी घालू लागले. पंधरा दिवस फांदी जशीच्या तशी दिसत होती, आणि मी ते चांगले लक्षण मानत होते. १९ एप्रिलला तिला सहज हात लावला तर ती बुडाशी मऊ लागली. ओढली तशी अलगद वर आली. खालची चार बोटे जागा काळी, पाणचट, आणि वास आंबल्यासारखा. वरचे टोक मात्र अजूनही हिरवट-राखाडी आणि टणक होते. बहुधा आठवडाभर आधीच ती मेली होती. मला ते त्या दिवशी कळले इतकेच.

काकूंना सांगायला गेले तेव्हा मला फार अपराधी वाटत होते. त्या म्हणाल्या, “अगं, ओली जखम लगेच मातीत घातलीस तर ती कुजणारच. वाळू दे की आधी!” त्यांनी आणखी दोन फांद्या दिल्या आणि त्या देताना बजावले की पंधरा दिवस माझ्याकडे काही विचारायला यायचे नाही.

या दोन फांद्यांची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २५ एप्रिलला कापलेल्या या फांद्या साधारण चाळीस सेंटिमीटर लांबीच्या होत्या, दोन्ही जुन्या, राखाडी झालेल्या लाकडाच्या. कोवळी हिरवी फांदी सहज कुजते म्हणून ती टाळावी. त्यांची सगळी पाने देठाचा लहानसा तुकडा ठेवून कापून टाकली आणि त्या सावलीत, हवेशीर जागी, जमिनीला न टेकवता आडव्या ठेवल्या. चौथ्या दिवशी काप कोरडा झाला, दहाव्या दिवसापर्यंत त्यावर घट्ट, फिकट तपकिरी खपली धरली. फांद्या किंचित सुरकुतल्या होत्या, पण ते चालते, कारण देवचाफ्याची फांदी म्हणजे पाण्याचा आणि अन्नाचा साठाच असतो. ७ मे रोजी दोन वेगळ्या कुंड्यांत, निम्मी जाड वाळू आणि निम्मी साधी माती अशा मिश्रणात, नऊ-दहा सेंटिमीटर खोल त्या लावल्या, काठीला सैलसर बांधल्या म्हणजे वाऱ्याने हलून नवी मुळे तुटणार नाहीत, एकदा पाणी दिले, आणि नोंदवहीत लिहिले: ‘पाने दिसेपर्यंत पाणी नाही.’

पहिल्या कुंडीतल्या फांदीने चमत्कार केला. २२ मे रोजी तिच्या टोकाला जांभळट, पंजासारखा काही उंचवटा दिसू लागला, आणि जूनअखेर त्याच टोकावर फुले उमलली. एकाही पानाशिवाय! घरी आलेल्या प्रत्येकाला मी ती कुंडी दाखवली. दुसऱ्या कुंडीतली फांदी मात्र काठीसारखी उभी होती. तिला नखाने थोडे खरवडून पाहिले तर सालीखाली हिरवे दिसले, एवढाच तिच्या जिवंतपणाचा पुरावा. खरे सांगायचे तर मी तिची कुंडी मागे सरकवून ठेवली होती.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्या फांदीची तीन-चार फुले गळाली आणि खोड उभ्या सुरकुत्यांनी भरले. पाणी कमी पडले असेल म्हणून पाणी दिले, आणि सुरकुत्या वाढतच गेल्या. १७ जुलैला तिला उपटून पाहिले तर खाली एकही मूळ नव्हते. खपली जशी लावली तशीच, कोरडी आणि स्वच्छ. फांदीने आपल्या पोटातल्या साठ्यावर फुले काढली होती, आणि मुळे धरण्यासाठी जे राखून ठेवायचे तेच खर्चून टाकले होते. अनेक वर्षे देवचाफा वाढवणारे लोक मूळ न धरलेल्या फांदीचा असा तुरा दिसल्याबरोबर कापून टाकतात हे मला नंतर समजले. फूल हे झाड जगल्याचे लक्षण असते असे मी धरून चालले होते, आणि या झाडाच्या बाबतीत तो हिशेब चुकीचा निघाला.

मागे सरकवलेल्या दुसऱ्या फांदीला १७ जून रोजी, म्हणजे लावल्यापासून ४१ व्या दिवशी, टोकाशी दोन हिरवी टोके दिसली होती आणि मी ती फुलांच्या गडबडीत पुरती पाहिलीही नव्हती. नोंदवहीत त्या दिवशीची नोंद एका ओळीची आहे, तीही कोपऱ्यात. ऑगस्टपर्यंत तिला सात पाने आली आणि कुंडीच्या बुडाच्या भोकातून पांढरे मूळ डोकावले. तेव्हापासून मी एक पद्धत ठेवली जी सगळ्यांना सुचवेन: या झाडात आज जे दिसते ते बहुधा चार ते सहा आठवड्यांपूर्वी झालेल्या गोष्टीचे फळ असते, तेव्हा काही बिघडलेले दिसले तर वही उघडून महिनाभर मागे काय केले ते पाहावे, आणि आज काही बदल केला तर महिनाभर दुसरा बदल करू नये.

ही पद्धत मी पहिल्याच थंडीत मोडली. नोव्हेंबर २०२१ च्या मध्यापासून पाने पिवळी पडून गळू लागली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाड पुन्हा काठी झाले. मी घाबरून एक दिवसाआड पाणी दिले, खतही घातले. वास्तविक देवचाफ्याचे दोन मुख्य प्रकार आपल्याकडे दिसतात आणि ते पानांवरून ओळखता येतात. पानाचे टोक निमुळते असेल तर ते प्लुमेरिया रुब्रा, जे थंड-कोरड्या दिवसांत पाने टाकून झोपी जाते; पानाचे टोक गोलसर असेल तर ते प्लुमेरिया ऑब्ट्युसा, जे बहुतेक वर्षभर पाने धरून असते. माझ्या झाडाची पाने निमुळती होती. रुब्रा या शब्दाचा अर्थ लाल, आणि माझे झाड तर पांढऱ्या फुलांचे, म्हणून मी ते नाव मनावर घेतले नव्हते. परंतु त्याच एका जातीत पांढरी, पिवळी, गुलाबी आणि लाल अशी सगळी फुले येतात. ज्या मुलखातून हे झाड आले तिथल्या कोरड्या ऋतूत पाने टाकून खोडातल्या साठ्यावर तग धरायची त्याची जुनी रीत आहे. पाने नसताना ते पाणी जवळजवळ ओढतच नाही, आणि मी मात्र ते ओतत होते.

८ जानेवारी २०२२ रोजी शेंड्याची दोन बोटे जागा काळी आणि दबणारी झाली. या वेळी मी उशीर केला नाही. कात्रीचे पाते स्पिरिटने पुसून एकेक सेंटिमीटर कापत खाली आले. पहिल्या तीन चकत्यांचा मध्य तपकिरी होता, चौथीचा थोडासा, आणि पाचव्या कापाला आतून पांढरे, स्वच्छ लाकूड दिसले आणि चीक वाहिला. तिथे थांबले. काप उघडाच ठेवला, कुंडी भिंतीच्या आडोशाला कोरड्या जागी नेली आणि मार्चपर्यंत पाणी बंद केले. ज्यांच्याकडे थंडी याहून कडक असते त्यांनी तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली राहू लागले की कुंडी आत घ्यावी. हिमतुषार या झाडाला सोसत नाहीत.

त्या कापाचा एक अनपेक्षित फायदा झाला. देवचाफ्याची फांदी आपणहून सहसा फुटत नाही. तिच्या टोकाला तुरा आला किंवा टोक कापले गेले तरच त्याखालून दोन-तीन नव्या फांद्या निघतात. मार्चमध्ये माझ्या बुटक्या काठीला कापाखाली तीन डोळे फुटले आणि झाडाला झाडासारखा आकार येऊ लागला.

आता ते जमिनीत लावायचे तर परवानगीचे पत्र काढले, आणि पाहते तो त्याची मुदत एक वर्षाची, २५ मार्च २०२२ ला संपलेली. तो दिवस होता ३० मार्च. समितीच्या कार्यालयात मला सांगण्यात आले की मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी द्यायचा असतो आणि आता नवा अर्ज करावा लागेल. मी जुन्या अर्जाची प्रत, अनामतीची पावती आणि कुंडीतल्या झाडाचे छायाचित्र असे सगळे घेऊन पुन्हा गेले आणि उशिराचे कारण लेखी दिले. दोन चकरांनंतर ‘विशेष बाब म्हणून’ साठ दिवसांची मुदत मिळाली. तेव्हा पत्र मिळाल्याबरोबर त्यातली शेवटची तारीख पाहा. मी फक्त सही आणि शिक्का पाहिला होता.

१६ एप्रिल २०२२ रोजी झाड जमिनीत गेले. विटांच्या वाफ्यात बुडाशी कुठलाही थर न घालता, वाळू मिसळलेल्या मातीत, मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद पण खोलीला गोळ्याएवढाच खड्डा केला. कुंडीत माती खोडाला जिथवर होती तिथवरच ती वाफ्यातही ठेवली. खोड अधिक खोल पुरले तर सालीशी ओल राहते. पहिला महिना आठवड्यातून एकदा, पण भरपूर पाणी दिले. वाळलेल्या पानांचे आच्छादन घातले ते खोडापासून एक वीत दूर. लावण्याचे हे काम दीड तासात झाले.

पावसाळ्यात वाढ झपाट्याने झाली, आणि ऑगस्टमध्ये पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी पूड दिसू लागली. बोट फिरवले तर हळद लागल्यासारखे दिसे. हा तांबेरा, देवचाफ्यावर येणारी एक विशिष्ट बुरशी. मी घाबरले खरी, पण वही उघडली: जुलैभर मी संध्याकाळी नळीने पानांवरून पाणी मारत होते, पाऊस नसेल त्या दिवशीही. ते थांबवले, खालची दाट पाने काढून हवा खेळती केली आणि गळलेली सगळी पाने गोळा करून पिशवीत बांधून कचऱ्यात टाकली. ती कंपोस्टमध्ये घालू नयेत. तांबेरा पूर्ण गेला नाही, पण थंडीत पाने गळणारच होती, आणि त्यांच्याबरोबर तोही बराचसा गेला. पिठ्या ढेकणांचा उपद्रव त्यामानाने किरकोळ ठरला. एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि द्रव साबणाचे काही थेंब, ऊन उतरल्यावर, दर आठवड्याला, तीन वेळा फवारले.

एप्रिल २०२३ मध्ये समितीचे दोन सदस्य पाहणीला आले. त्यांनी टेपने भिंतीपासूनचे अंतर मोजले, झाडाकडे फारसे पाहिले नाही, आणि पावतीच्या आधारे अनामत दोन महिन्यांनी परत मिळाली.

२०२३ हे वर्ष मात्र मनाला फार लागले. झाड हिरवेगार, पाने हातभर लांब, आणि तुरा एकही नाही. काकूंचे झाड त्याच दिवसांत पांढरे झालेले असे. लोक सल्ले देत होते, अमुक खत घाल, खोडाला खिळा ठोक. खिळ्याचा सल्ला मी सोडून दिला. त्याऐवजी एका रविवारी सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला झाडावर ऊन आहे की सावली एवढेच टिपले. हिशेब चार तासांचा निघाला. देवचाफ्याला फुलण्यासाठी निदान सहा तास तरी थेट ऊन हवे. सामाईक जागेतल्या एका मोठ्या झाडाची फांदी दुपारी बाराच्या सुमारास कोपऱ्यावर येत होती. शिवाय त्याआधीच्या वर्षी मी हिरवळीसाठी असलेले नत्रयुक्त खत उरले म्हणून चाफ्याला घातले होते, आणि नत्र जास्त झाले की झाड पानांतच रमते. फांदी कापण्यासाठी पुन्हा अर्ज केला, आणि या वेळी सगळे रकाने भरले. ५ ऑगस्टला दिलेल्या अर्जावर २० ऑक्टोबरला छाटणी झाली. ऊन साडेसहा तासांवर गेले. खत बंद केले.

त्या थंडीत झाडाची पाने गेली आणि मी त्याला पाणी दिले नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी, नोंदवहीत ‘काही केले नाही’ अशी बारा आठवड्यांची बारा वाक्ये आहेत. हे लिहायला जितके सोपे आहे तितके करायला सोपे नव्हते. रोज सकाळी मी चहा घेऊन त्या कोपऱ्यात उभी राही आणि हातातल्या कपाखेरीज मला करण्यासारखे काही नसे.

३ मार्च २०२४ रोजी तीनपैकी एका टोकावर काहीतरी दिसले. पानाचा कोंब असेल तर तो टोकदार, एकमेकांना चिकटलेल्या तळव्यांसारखा असतो. तुऱ्याचा कोंब पंजासारखा, बोथट, लहान लहान गाठी एकवटलेला. हा पंजा होता. मी कोणालाही सांगितले नाही, कारण २०२१ ची ती कुंडी मला आठवत होती. या वेळी मात्र दहाच दिवसांत त्याच्या बाजूने पाने निघाली, आणि तेव्हा जरा हायसे वाटले. २४ एप्रिलला, बावन्नाव्या दिवशी, पहिली कळी उलगडली. कळी पीळ घातलेल्या कापडासारखी असते, आणि पाकळ्या सुटतात तशा एकीची कड दुसरीखाली दबलेली राहते. पाचही पाकळ्यांत प्रत्येक जण कोणाच्या तरी वर आणि कोणाच्या तरी खाली. गळ्यातला पिवळा रंग पाकळीच्या मध्यापर्यंत येऊन विरतो.

वास दिवसा होता, पण रात्री तो दाट झाला. हे फूल रात्री उडणाऱ्या मोठ्या पतंगांना बोलावते आणि त्यांना देण्यासाठी त्याच्याकडे मध मुळीच नसतो. पतंग एका फुलातून दुसऱ्यात शोधत राहतात आणि तेवढ्यात परागांचे काम होते. मी दोन रात्री दिवा मालवून बसले. एकच पतंग आला, तीन फुलांत सोंड घालून गेला, आणि परत आला नाही.

तो तुरा सात आठवडे चालला. फुले एकेक करून उमलत आणि पूर्ण ताजी असतानाच अखंड खाली पडत. जूनच्या सुरुवातीला तुऱ्याच्या देठाखाली दोन नवे कोंब दिसू लागले, म्हणजे पुढच्या वर्षी निदान चार टोके तरी होतील. उरलेल्या दोन फांद्यांपैकी एक नळीच्या बाजूला वाकत होती, ती ९ जून रोजी कापली. ती आता सावलीत आडवी ठेवली आहे, काकूंच्या भाचीला हवी आहे. तिच्या देठाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे: कापली ९ जून, लावायची २१ जून, आणि पाने येण्याआधी फुले आली तर तुरा कापून टाकायचा.